स्ट्रूप चाचणीवरून व्यक्तींची तुलना करता येते का?

प्रश्न : स्ट्रूप चाचणीत रंगाचे नाव असलेला शब्द न वाचता त्याच्या शाईचा रंग सांगायचा असतो; शब्द आणि शाई जुळत नसल्यास वेग मंदावतो, हा स्ट्रूप परिणाम. माझ्या अभ्यासात तो अगदी ठळक दिसला, परंतु काही आठवड्यांनी त्याच व्यक्तींची पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा त्यांचा क्रम बराच बदलला. मग चाचणीच अविश्वसनीय मानावी का?

उत्तर १ : या दोन बाबी परस्परविरोधी नाहीत. विसंगत शब्दांवर (उदा. निळ्या शाईतला ‘लाल’ हा शब्द) जवळजवळ प्रत्येकाचा वेग मंदावतो, म्हणून परिणाम ठळक दिसतो. पण त्यामुळेच व्यक्तीव्यक्तींमधला फरक थोडा उरतो आणि विश्वसनीयता गुणांक (पुन्हा चाचणी घेतल्यावर व्यक्तींचा क्रम किती टिकतो याचे माप) घसरतो. हेज, पॉवेल व समनर यांनी २०१८ मध्ये हाच विरोधाभास मांडला. शिवाय विसंगत आणि सुसंगत शब्दांवरच्या दोन प्रतिसादवेळांची वजाबाकी केली की त्यांतील समान भाग निघून जातो, मोजमापाची त्रुटी मात्र दोन्हींकडून साचते.

उत्तर २ : वैधतेचा, म्हणजे चाचणी जे मोजायचे तेच मोजते का, हा प्रश्न मला याहून अवघड वाटतो. विस्कॉन्सिन कार्ड वर्गीकरण चाचणीत पत्ते कोणत्या नियमाने लावायचे हे ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढ्यावरून ओळखायचे असते; तो नियम एकदा उमगला की दुसऱ्या वेळी नावीन्यच उरत नाही, आणि नावीन्य हाच तर तिचा प्राण! स्ट्रूपच्या गुणांतही वाचनाचा सराव मिसळलेला असतोच. म्हणून अनेक चाचण्या घेऊन त्यांतील सामाईक घटक वेगळा काढून तोच वापरावा.

प्रश्नकर्ता : चाचणीतील फेऱ्या वाढवल्या तर?

उत्तर १ : त्रुटी कमी होईल, वैधता मात्र त्याने वाढेलच असे नाही.