शेजाऱ्याचा कॅमेरा आणि आमची मोरी

गोडोलीची
परवा इथे एका काकांनी लिहिलं, शेजाऱ्याने सीसीटीव्ही लावला म्हणून पोलिसांत धावणाऱ्या बायकांना वेळ जात नसतो. ज्याच्या घरात लपवण्यासारखं काही नाही त्याला कॅमेऱ्याची भीती कशाला. दोन दिवस गप्प बसले, आज राहवत नाही.

आमचं घर साताऱ्यात, गोडोलीत. मागे मोरी, धुण्याचा दगड, वर पत्रा. शेजारच्यांची आणि आमची भिंत सामाईक, पाच फुटांची. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या शेवग्याची फांदी पडून आमचा पत्रा फुटला. झाड छाटा असं मी म्हणाले, तिथून त्यांनी वैर धरलं. आमच्याकडे कोण आलं, किती वाजता गेलं हे गल्लीत सांगायचं. मी भांडी घासायला बसले की नेमकी गच्चीवर खुर्ची टाकायची. पार्सल आणणाऱ्या पोराच्या हातातून खोकं घेऊन वरचं सगळं वाचायचं. गेल्या दिवाळीत तर भिंतीला लोखंडी पाइप बांधून वर कॅमेरा चढवला. त्यांचं फाटक बरोबर उलट्या बाजूला आहे. कॅमेऱ्याचं तोंड आमच्या मोरीकडे.

माझी मुलगी चौदा वर्षांची. तिने स्वतःचे कपडे बाहेरच्या दोरीवर घालणं सोडलंय. आतल्या खोलीत पंख्याखाली वाळवते. पावसाळ्यात चार-चार दिवस वाळत नाहीत, कुबट वास येतो, तेच घालून शाळेत जाते. काका, ती काय लपवते ते सांगा मला.

कृष्णाकाठचा
ते मीच लिहिलं होतं. मुलीचं वाचून वाईट वाटलं. पण माझंही ऐका. दोन वर्षांपूर्वी आम्ही पंढरपूरला गेलो आणि मागे सांगलीतल्या घराचं मागचं दार फोडलं. बायकोच्या पाटल्या, आईची बोरमाळ, सगळं गेलं. पोलिसांचा पहिला प्रश्न, आसपास कॅमेरा आहे का? नव्हता. बोरमाळ गेल्याचं कळल्यापासून आई नीट जेवली नाही. आता माझ्या घराला चार कॅमेरे आहेत. आठ फुटांच्या बोळात कुठेही तोंड फिरवा, कुणाचं तरी दार दिसणारच.

शिवाय शेजाऱ्याशी वैर धरू नये. समोरच्या घराशी आमची सहा वर्षं बोलाचाल नव्हती. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा त्यांनीच आम्हाला माडीवर घेतलं. पाच दिवस त्यांच्या चुलीवरचं जेवलो. एकदा जाऊन बोला.

गोडोलीची
तीनदा गेले. दुसऱ्यांदा नवऱ्याला घेऊन, तिसऱ्यांदा पेढे घेऊन. पुडा दारातच राहिला.

वाडासंस्कृती
हे सगळं बंगल्यांनी आणि फ्लॅटनी आणलं. आमच्या वाड्यात अकरा बिऱ्हाडं, एक आड, एक चौक. दारं दिवसभर सताड उघडी. कुणाच्या घरात काय शिजलं ते सगळ्यांना ठाऊक. खासगीपणा हा शब्दच ऐकला नव्हता, आणि काही अडलं नाही. आजीला रात्री दोनला झटका आला तर पाच मिनिटांत आठ माणसं उभी होती.

खणभागातली लेक
कुणाचं काही अडलं नाही? मी सांगलीत खणभागातल्या वाड्यात वाढले. न्हाणी चौकाच्या कोपऱ्यात, दाराला पोतं. आई पहाटे चारला उठून अंघोळ उरकायची, पुरुष उठायच्या आत. थंडीतसुद्धा, तापातसुद्धा. पाळीचे कपडे लुगड्याखाली झाकून वाळवायचे, त्यांना ऊन कधी लागलं नाही. आईला त्यामुळे किती त्रास झाला तो मी पाहिलाय. खासगीपणा हा शब्द नसेल, आडोसा हा शब्द होता ना? तो कुणी शोधला असेल, कशासाठी, याचा विचार करा.

वाडासंस्कृती
तुमच्या घरचा अनुभव सगळ्या वाड्यांवर लादू नका. आमच्या वाड्यातल्या बायका आनंदात होत्या.

खणभागातली लेक
त्यांना विचारलंत कधी? तुमच्या आईला विचारा, अंघोळीला किती वाजता जायची.

वाडासंस्कृती
आईला यात ओढायचं काम नाही. ती गेली. तोंड सांभाळून लिहा.

खणभागातली लेक
ती गेली हे माहीत नव्हतं, त्याबद्दल माफ करा. प्रश्न मागे घेत नाही. मावशी असेल, आत्या असेल, त्यांना विचारा. रात्री दोनला धावून येणं वेगळं आणि दिवसभर नजर ठेवणं वेगळं. पहिल्याची किंमत दुसऱ्याने का फेडायची?

माणदेशी
वाडा राहूद्या बाजूला, ताईचं बगा आदी. आर. आर. आबांनी २००७ ला तंटामुक्तीची मोहीम काढली तवा माज्या चुलत्याचं बांधाचं भांडान देवळात बसून मिटलं. वीस वर्सांचं भांडान, एका दुपारी. शेरात आल्यावर कळलं, हितं मदी बसायला कोन येत न्हाय. ताई, रोपवाटिकेला लावत्यात ती हिरवी शेडनेट शेतीच्या दुकानात मीटरवर मिळती. दाट बगून घ्या. आपल्या हद्दीत बांबू रोवून बांदा.

खणभागातली लेक
नेट बांधून तिच्याच घरात तिचाच उजेड जाणार. आणि कॅमेरा तसाच.

कोर्टाच्या पायरीवरून
साताऱ्यात वकिली करतो. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, पण तो हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध. शेजाऱ्याविरुद्ध वाट दिवाणी कोर्टाची, मनाई हुकमाच्या दाव्याची. कलकत्त्याला एकाच घरात राहणाऱ्या भावांचा वाद झाला. संमतीशिवाय लावलेले कॅमेरे उच्च न्यायालयाने बंद करायला लावले आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. इथे घरं दोन आहेत, त्यामुळे तो निकाल जसाच्या तसा लागू होणार नाही, पण दाखवता येईल. मोरीत अंघोळ होत असेल आणि तीच टिपली जात असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ लागू शकतं. पहिल्या गुन्ह्याला एक ते तीन वर्षं. भांडी घासणं त्यात बसत नाही. नुसती तक्रार केलीत तर बहुधा अदखलपात्र नोंद होईल, म्हणजे पोलीस आपणहून तपास करणार नाहीत. तीही करा, कागद लागतो. भिंत, पाइप, कॅमेरा, फाटक यांचे तारखेसह फोटो ठेवा. आधी स्पीड पोस्टाने नोटीस.

आणि वाडावाल्यांसाठी: सुविधाधिकाराच्या (शेजारच्या जागेबाबतच्या वाट, उजेड अशा हक्कांच्या) १८८२ च्या कायद्यात, कलम १८ खाली, उदाहरणच दिलंय की एखाद्या गावच्या रूढीने शेजाऱ्याचा खासगीपणा मोडेल अशी नवी खिडकी पाडता येत नाही. ही गोष्ट फ्लॅटनी आणलेली नाही.

कृष्णाकाठचा
फाटक उलट्या बाजूला असेल तर तो कॅमेरा चोरासाठी नाही, एवढं मान्य. हल्ली कॅमेऱ्यात चित्राचा नको तो भाग काळा करायची सोय असते. माझ्या पडद्यावर समोरच्यांची मोरी येत होती, ती मी काल झाकली. पण कॅमेरे काढणार नाही, आणि कॅमेरा लावणारा प्रत्येक जण तुमच्या शेजाऱ्यासारखा नसतो.

वाडासंस्कृती
मावशीला फोन केला. ती म्हणाली, आम्ही साडेतीनला उठायचो, चारला नंबर लागायचा, तुझी आई सगळ्यांत शेवटी कारण तू लहान होतास. मला हे माहीत नव्हतं. वाडा वाईट होता असं मी तरीही म्हणणार नाही.

गोडोलीची
काल दुपारी शेडनेट बांधली. मुलीने कपडे बाहेर घातले. आज सकाळी उठून बघते तर पाइप दोन फूट उंच केलाय, कॅमेरा नेटच्या वरून मोरीत. कालचा आणि आजचा, दोन्ही फोटो आहेत. वकीलदादा, सोमवारी कोर्टात किती वाजता भेटाल?