वर्गाच्या भिंतीवरचा मर्केटर उतरवा

भूगोलवाली
ऑगस्ट २०२५ मध्ये आफ्रिकन युनियनने मर्केटर हा जगाचा नेहमीचा नकाशा सोडून, क्षेत्रफळं खऱ्या प्रमाणात दाखवणारा ‘इक्वल अर्थ’ नकाशा वापरण्याच्या मोहिमेला पाठिंबा दिला. मला ही मागणी शंभर टक्के पटते. मुलांना भिंतीवरचा नकाशा दाखवून ‘भारत मोठा की ग्रीनलंड?’ असं विचारून बघा, हात ग्रीनलंडसाठीच वर होतात. खरं तर भारत सुमारे ३३ लाख चौरस किलोमीटर, ग्रीनलंड २२ लाखांच्या आत. आफ्रिकेत चौदा ग्रीनलंड मावतील, आणि मर्केटरवर दोन्ही जवळपास सारखे! क्षेत्रफळाचे आकडे कितीही पाठ करून घ्या, मनात ठसतं ते चित्र. हा नकाशा वर्गात नकोच.

तांडेल
ताई, ‘नकोच’ला माझा विरोध. मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ मध्ये हा नकाशा दर्यावर्दींसाठी काढला. रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ येत जातात, त्याने ती समांतर ठेवली. त्यामुळे ६० अंशांवर पूर्व-पश्चिम अंतर दुप्पट ताणलं जातं. कोन बिघडू नयेत म्हणून त्याने तिथे उत्तर-दक्षिणही तेवढंच ताणलं. म्हणून क्षेत्रफळ चौपट दिसतं, पण होकायंत्राचा एकच कोन धरून चाललेल्या जहाजाची वाट पट्टीने आखता येते. आजही समुद्रावरचे बहुतेक चार्ट याच पद्धतीचे असतात. इतकी देखणी युक्ती मुलांपासून लपवायची?

भूगोलवाली
लपवायची कशाला? अकरावीच्या प्रात्यक्षिकात शिकवा, अक्षवृत्तांमधली अंतरं मुलांना स्वतः काढू द्या. पण सातवीतली मुलं जहाज हाकत नाहीत. ती त्या नकाशावर जंगलं, पीकक्षेत्रं, लोकसंख्येची घनता बघतात, आणि या सगळ्याचा संबंध क्षेत्रफळाशी आहे.

सह्याद्रीकर
ताईंशी सहमत, आणि मी पुढे जाऊन म्हणेन की हा वसाहतवादाचा नकाशा आहे. युरोप फुगतो, विषुववृत्ताजवळचे देश आक्रसतात. बोस्टनच्या सरकारी शाळांनी २०१७ मध्ये गॉल-पीटर्स नकाशा आणला, तसं आपणही करावं.

तांडेल
फुगण्याचं कारण अक्षांश, कुणाचा हेतू नव्हे. अंटार्क्टिका सगळ्यात जास्त फुगतो, तिथे कुणाचं साम्राज्य होतं? आणि गॉल-पीटर्सवर क्षेत्रफळ बरोबर, पण आफ्रिका उभी ओढल्यासारखी लांबुडकी होते. एक खोटं काढून दुसरं टांगायचं?

सह्याद्रीकर
हेतू १५६९ मध्ये नसेल. पण जहाजाचा नकाशा पुढे शाळांच्या भिंतींवर लावणं ही निवडच होती, आणि ती दीर्घकाळ तशीच चालू राहिली, याचा राग यायलाच हवा.

नकाशे_आणि_कोड
फोनवरचे नकाशेही मर्केटरच्याच सुधारित रूपावर चालतात. कोन टिकत असल्याने दादरचा चौक कितीही मोठा करून बघितला तरी वाकडा होत नाही. जग बघायला मात्र तो वाईटच, म्हणून तर गूगलने २०१८ मध्ये संगणकावर नकाशा पूर्ण झूम आउट केल्यावर पृथ्वीचा गोल दाखवायला सुरुवात केली.

तांडेल
मग वर्गातही पृथ्वीगोलच ठेवा ना! सपाट कागदावर आकार आणि क्षेत्रफळ दोन्ही सगळीकडे खरं राहूच शकत नाही.

भूगोलवाली
गोल जरूर ठेवा. पण त्याच्याभोवती एका वेळी चार-पाच मुलं उभी राहतात, भिंतीवरचा नकाशा अख्खा वर्ग वर्षभर बघतो. ‘इक्वल अर्थ’मध्ये क्षेत्रफळ बरोबर आहे आणि रेखावृत्तं वळवल्यामुळे आफ्रिकाही तशी ओढली जात नाही. कडेला आकार थोडे बिघडतात, ते मला चालेल. भारताला ग्रीनलंडपेक्षा लहान दाखवणं चालणार नाही.