मदत हवी आहे: रोज घालता येतील असे रायडिंग बूट (साइझ ५, पंजा रुंद)

मंडळी,

गाडी रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०. रोज कोथरूड ते चाकण, येऊन-जाऊन सत्तरेक किलोमीटर. महिन्यातला एखादा रविवार ताम्हिणी नाहीतर वरंधा. हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्ह्ज सगळं आहे, पायात मात्र इतकी वर्षं साधे स्पोर्ट्स शूज.

गेल्या जुलैत ताम्हिणीत चहाच्या टपरीसमोर गाडी लावताना चिखलात पाय सरकला. वेग जवळजवळ शून्य. पण १९५ किलोचं धूड डाव्या अंगावर आलं आणि घोटा फूटरेस्ट आणि रस्ता यांच्यामध्ये सापडला. हाड वाचलं, लिगामेंट दुखावलं. तीन आठवडे क्रेप बँडेज आणि घरच्यांची प्रवचनं.

आता बूट घ्यायचेच आहेत, पण डोकं चालेनासं झालंय. दुकानात दोन जोड्या घालून पाहिल्या. एक पोटरीपर्यंतची. पाय अगदी किल्ल्यात ठेवल्यासारखा, पण घोटा हलेना, गिअर लागला की नाही ते कळेना. शिवाय पार्किंगपासून माझ्या टेबलापर्यंत दहा मिनिटं चाल आणि दोन जिने आहेत. दुसरी जोडी घोट्याच्या जरा वर, चालायला मस्त. "यात संरक्षण नक्की काय आहे?" असं विचारलं तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, लेदर आहे."

कंपनीचे सेफ्टी शूज आहेत, पुढे स्टीलची टोपीवाले. तेच वापरले तर? फुकट आहेत म्हणून विचारतेय. बजेट १२ हजार, थोडं ताणता येईल. आणि मला साइझ ५ लागतो, बहुतेक ठिकाणी ७ पासून सुरुवात. "दोन मोजे घाला" हा सल्ला मिळून झालाय, कृपया परत नको.

प्रतिसाद

लेदर तर माझ्या पाकिटालाही आहे!

ताई, सेफ्टी शूज शॉपफ्लोअरवरच राहू द्या. त्या टोपीची चाचणी बोटांवर वरून येणाऱ्या २०० ज्यूलच्या आघाताची असते. तुमचा घोटा चेपला गेला बाजूने. तिथे त्या बुटात पातळ गादीपलीकडे काही नसतं. वर जाड टोपी गिअरच्या लिव्हरखाली नीट शिरत नाही, ते वेगळंच.

बुटाच्या आतल्या लेबलवर मोटरसायकलस्वाराचं चित्र आणि ईएन १३६३४:२०१७ हा रायडिंग बुटांच्या युरोपियन मानकाचा आकडा शोधा. त्याखाली चार अंक असतात, प्रत्येक १ किंवा २. पहिला बुटाच्या उंचीचा, दुसरा रस्त्यावर घासलं जाण्याचा, तिसरा कापलं जाण्याचा. चौथा अंक तुमच्या कामाचा: गाडी पायावर पडली तर बूट आडवा किती दबतो, ते तो सांगतो. म्हणजे १-२-२-२ असेल तर बूट बुटका, पण बाकी तिन्हींत वरच्या पातळीचा. तुमच्या दोन जोड्यांच्या मधली वाट हीच. आणखी एक, घोट्याच्या कवचाची चाचणी ऐच्छिक असते. ती पास असेल तरच लेबलवर आयपीए ही अक्षरं येतात.

लेबलच नसेल तर टाच आणि पंजा धरून ओला टॉवेल पिळतो तसा बूट पिळून बघा. सहज पिळला गेला तर ठेवून द्या.

प्रतिसाद

मीही साइझ ५ वाली, कोल्हापूरहून. दुकानात जाऊन ५ मागू नका, ३८ मागा. अल्पाइनस्टार्स या इटालियन कंपनीची स्टेला ही मालिका बायकांसाठीच आहे, टीसीएक्स आणि फॉर्मा या इटालियन कंपन्यांकडेही लेडीज मॉडेल असतात. पण बजेट बरंच ताणावं लागेल, आणि मी घातलेले इटालियन बूट पंज्यात आवळत होते. आधी ओराझो, क्लॅन या भारतीय कंपन्यांचे साइझचे तक्ते बघा. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर पाऊल आखून सेंटिमीटरमध्ये मोजा आणि मगच तक्त्याशी ताडा. बूट घालून गाडीवर बसल्याशिवाय पैसे देऊ नका. उभं राहून छान वाटलेला बूट गुडघा वाकला की नडगीला टोचतो.

गिअरचं म्हणाल तर मेकॅनिककडून लिव्हर किंचित वर करून घ्या. तुमच्या गाडीला टाचेचा लिव्हर आहेच, वरचे गिअर टाचेने टाका.

प्रतिसाद

चिपळूणकराचं ऐका: वॉटरप्रूफच्या मागे फार लागू नका. मुसळधार पावसात पाणी वरच्या तोंडातून आत शिरतं आणि मग तेच अस्तर ते बाहेर जाऊ देत नाही. रेनपँट बुटाच्या बाहेरून, कधीही आत खोचायची नाही. एप्रिलमध्ये तेच बूट भट्टी होतात. भिजले तर रद्दी कोंबून पंख्याखाली ठेवा, उन्हात किंवा चुलीजवळ नको, चामडं तडकतं. आणि स्वस्तात मिळाले म्हणून दुकानात चार-पाच वर्षं पडून राहिलेला माल उचलू नका. पॉलियुरेथेनचा सोल दमट हवेत न वापरताही कुजतो. माझा भर घाटात भाकरीसारखा तुटला.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. अखेर १-२-२-२ आणि आयपीएवाले, घोट्याच्या वर चार बोटं येणारे घेतले. बजेट अडीच हजारांनी ओलांडलं. साधे शूज ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेत, त्यामुळे जिन्यांचा प्रश्न मिटला. आई म्हणाली, "पोलिसात भरती झालीस की काय?"

आता फक्त उजव्या करंगळीपाशी दाबतंय. मोच्याकडून ताणून घेतलेत का कोणी?

प्रतिसाद

घेतलेत. लाकडी साचा घालून दोन रात्री ठेवतो. पण फक्त करंगळीजवळचं चामडं ताणायला सांगा. घोट्याच्या आणि टाचेच्या कवचाला हात लावू देऊ नका. आणि आधी दोन आठवडे तसेच वापरून बघा, माझे तेवढ्यात सैल झाले होते.