मैदानातल्या आठवणींची खूण कशी करायची? अनुभव असंल तर सांगा

खानापूर_लाल_माती:
नमस्कार मंडळी. आमच्या गावात दरवर्षी टेनिस बॉलच्या टुर्नामेंटा होतात, फायनलला आजूबाजूच्या गावची माणसं टेम्पो भरून येतात. आता मैदानाला कंपाउंड घालायचं ठरलंय आणि कमिटीतल्या थोरल्या माणसांचं म्हणणं की गेटवर कमान करून देणगीदारांची नावं घालूया. घाला की, पैसे त्यांनीच दिल्यात. पण मैदानात जे घडलं त्याचं काय? एका फायनलला शेवटच्या बॉलवर आमच्या पोरानं मारलेला सिक्स फणसाच्या झाडाखाली पडला, ती जागा माणसं अजून बोट करून दाखवतात, आणि कंपाउंड नेमकं तिथनंच जाणार हाय. अमेरिकेत बोस्टनच्या फेनवे पार्क या बेसबॉलच्या मैदानात सगळ्या हिरव्या खुर्च्यांत एकच लाल खुर्ची हाय म्हणं, ९ जून १९४६ ला टेड विल्यम्सनं हाणलेला बॉल तिथं बसलेल्या माणसाच्या टोपीवर पडला, ५०२ फूट लांब! मला त्या जागेवर असलंच काहीतरी, निदान खुणेचा एक दगड तरी पाहिजे. कुणी बघितलंय काय?

टिळकवाडीकर:
फेनवे नाही, पण पिट्सबर्गला नोकरीला होतो तेव्हा फोर्ब्स फील्ड या जुन्या बेसबॉल मैदानाची भिंत बघितलीय. मैदान १९७१ मध्येच पाडलं, तिथं आता युनिव्हर्सिटी हाय, पण भिंतीचा तुकडा ठेवलाय आणि बॅटर उभा राहतो ती होम प्लेट एका इमारतीच्या फरशीत काचेखाली बसवलीय, पोरं तिच्यावरनं चालत क्लासला जातात. १३ ऑक्टोबर १९६० ला वर्ल्ड सिरीजची, म्हणजे तिकडच्या बेसबॉलच्या फायनल मालिकेची, सातवी मॅच, ९-९ स्कोअर, आणि पिट्सबर्गच्या बिल मॅझेरोस्कीनं होम रन (आपल्या सिक्ससारखा) मारून न्यूयॉर्कच्या यँकीजना हरवलं. आता ऐका, दरवर्षी १३ ऑक्टोबरला माणसं त्या भिंतीपाशी जमतात आणि त्या मॅचची रेडिओ कॉमेंट्री पहिल्यापासनं लावतात, ती पण अशी वेळ धरून की होम रन बरोब्बर ३ वाजून ३६ मिनिटांनी यावा. म्हातारी माणसं खुर्च्या घेऊन बसलेली, निकाल सगळ्यांना पाठ, तरी शेवटच्या इनिंगला कोण बोलत नाही, बॉल भिंतीपलीकडं गेला की टाळ्या. तुमच्या फायनलची माइकवरची कॉमेंट्री कुणाच्या तरी मोबाइलात असंल बघा, दगडाच्या आधी ती शोधून ठेवा, मोबाइल बदलला की गेली.

निपाणी_ऑफस्पिन:
भावा, कंपाउंड आत-बाहेर झालं तरी जागा सोडू नका. अटलांटात हँक आरॉननं ८ एप्रिल १९७४ ला करिअरमधला ७१५ वा होम रन मारून बेब रूथचा ७१४ चा रेकॉर्ड मोडला. ते स्टेडियम १९९७ मध्ये पाडून पार्किंग केलं, तरी बॉल पडला तिथला कुंपणाचा तुकडा गाड्यांच्या मधी उभा ठेवला. गेटवर हलवून नेला असता तर त्यात काय राहिलं असतं? आणि एक, दगडावर हरलेल्या गावाचं आणि त्या बॉलरचं पण नाव घाला. शेवटचा बॉल टाकायला छाती लागते, आणि ते गाव पुढच्या वर्षी पण खेळायला येणार हाय.

दगडकाम_येळ्ळूर रोड:
रंग मारू नका, खानापूरचा पाऊस दोन पावसाळ्यात धुऊन टाकतोय. लाल पाहिजे तर इलकलचा ग्रॅनाइट घ्या, रंग दगडातच असतोय. अक्षरं खोल कोरून घ्या, नुसतं वरवर घासलेलं शेवाळ धरलं की वाचता येत नाही. दगड जमिनीबरोबर बसवू नका, फिल्डिंग करताना पाय अडकतोय, कंपाउंडच्या भिंतीत आतल्या बाजूनं छातीएवढ्या उंचीवर बसवा. मजकूर मराठी आणि कन्नड दोन्हीत करा, खेळायला दोन्हीकडची पोरं येतात.

खानापूर_लाल_माती:
लई आभारी हाय सगळ्यांचा. बॉलरचं नाव घालायचं माझ्या डोक्यातच नव्हतं, त्याच्या घरी जाऊन आधी विचारतो. कॉमेंट्रीसाठी गावच्या ग्रुपवर मेसेज टाकलाय. येळ्ळूरवाले, भिंत जांभ्या दगडाची हाय, त्यात ग्रॅनाइट धरंल का?

दगडकाम_येळ्ळूर रोड:
धरतोय की. भिंत बांधतानाच मागं सिमेंटचा चौकट खण सोडायला सांगा, नंतर फोडून बसवला तर जांभा ढासळतोय.