क्लास टू कंपोझिट तळाशी गळतंय: थर द्यावेत की बल्क-फिल?

मोगरा_बीडीएस: नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी क्लिनिक टाकून चार वर्षं झाली. काल एक पेशंट परत आल्या. खालच्या पहिल्या दाढेतलं, शेजारच्या दाताकडच्या बाजूचं (क्लास टू) कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाच्या रेझिनचं फिलिंग मीच दीड वर्षापूर्वी केलेलं. वरून बघाल तर कड छान जुळलेली, पण गार पाण्याने कळ येतेय. उघडलं तर बॉक्सच्या (दाढेच्या बाजूला कोरलेल्या खळग्याच्या) तळाशी, हिरडीलगत तपकिरी रेघ, आणि एक्सप्लोरर (तपासायची टोकदार सळई) सरळ आत गेला. फार वाईट वाटलं. बल्क-फिल (जाड थरात भरायचं कंपोझिट) एका दमात भरलं होतं. आता पुन्हा दोन-दोन मिलिमीटरचे थर देऊ का? की तळाला ग्लास आयोनोमर (दाताला स्वतःच चिकटणारं सिमेंट)?

सांगलीकर: थरच द्या. कंपोझिट कडक होताना साधारण २ ते ३ टक्के आकसतं. समोरासमोरच्या भिंतींना एकाच वेळी चिकटलं की ओढाताण होते आणि कमजोर कड सुटते. मी तिरके थर देतो, एका वेळी एकच भिंत धरून. वेळ जातो, पण माझा भरवसा त्यावरच आहे.

वसुधाताई: सांगलीकर म्हणतात ते खरं, पण मोगरा, आधी एक सांग. बॉक्स किती खोल होता? प्रोब लावून मोजलास का?

मोगरा_बीडीएस: तेव्हा नव्हतं मोजलं ताई. आज मोजलं, साडेपाच मिलिमीटर.

वसुधाताई: मग दोष तिथेच असणार. बहुतेक बल्क-फिलची मर्यादा ४ मिलिमीटर, तीही कंपोझिट कडक करणारा लाइट जवळ असेल तर. लाइटचं टोक दाढेच्या उंचवट्यांवर टेकतं, तळ तिथून लांब, त्यात धातूची मॅट्रिक्स (दाढेभोवती लावलेली पट्टी) बाजूने उजेड येऊ देत नाही. वरचा भाग दगडासारखा होतो, तळ अर्धवट राहतो. पहिला थर एकच मिलिमीटरचा दे आणि त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लाइट दे. मॅट्रिक्स काढल्यावर गालाच्या आणि जिभेच्या बाजूने पुन्हा दे. एवढं सांभाळलंस तर वर बल्क-फिल वापरलंस तरी माझी हरकत नाही.

दुसरं, तळाच्या कडेला इनॅमल (दाताचं बाहेरचं कठीण आवरण) उरलंय का? असेल तर ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड १५ सेकंद, नीट धुऊन बाँड (कंपोझिट चिकटवणारं द्रव्य). नसेल तर डेंटिनवरची (इनॅमलखालच्या थरावरची) पकड तितकी टिकत नाही. तिथे मी ओपन सँडविच करते: तळाला रेझिन-मॉडिफाइड ग्लास आयोनोमर, वर कंपोझिट.

मोगरा_बीडीएस: गालाकडच्या कोपऱ्यात इनॅमल अजिबात नाही. तळाला फ्लोएबल (पातळ, वाहतं कंपोझिट) चालेल का?

सांगलीकर: अर्धा मिलिमीटर, त्याहून जास्त नको. फ्लोएबल कोपऱ्यात छान बसतं, पण फिलर (आतले कठीण कण) कमी म्हणून आकसतं जास्त. आणि वेज (दातांमधली पाचर) घट्ट बसवा. मॅट्रिक्स तळाशी सैल राहिली की तिथून रक्त झिरपतं, मग कुठलंही तंत्र वापरा, बाँड गेलाच.

वसुधाताई: अगदी बरोबर. रबर डॅमशिवाय (दात कोरडा ठेवणाऱ्या रबरी पडद्याशिवाय) या दाढेला हात लावू नकोस. हिरडीतून रक्त येत असेल तर तात्पुरतं भरून आठवड्याने बोलाव, पेशंट समजून घेतात.

मोगरा_बीडीएस: हिरडी सुजलेलीच आहे ताई. तात्पुरतं भरून पुढच्या गुरुवारी बोलावते. ग्लास आयोनोमरचा थर दिला की बाइटविंग एक्स-रे काढून इथे टाकेन.