पुण्याचा ‘ज्ञानप्रकाश’: कात्रणांच्या तारखा आणि अंकांचा शोध

पेठेतला_वाचक:
‘ज्ञानप्रकाश’ या जुन्या वृत्तपत्रातल्या पुणे शहराच्या बातम्यांची सूची करतो आहे. काही कात्रणांवर फक्त शक, महिना आणि तिथी आहे. इंग्रजी तारीख कशी काढावी? ग्रंथालयांच्या सूचीत नाव टाकलं की बहुतेक वेळा काहीच येत नाही. पत्राचे ठळक टप्पेही सांगा.

खिळेजुळारी:
टप्पे आधी. १२ फेब्रुवारी १८४९, सोमवार: कृष्णाजी त्रिंबक रानडे यांनी पुण्यात साप्ताहिक सुरू केलं. म्हणजे ‘केसरी’च्या (१८८१) ३२ वर्षं आधी. १९०४ मध्ये ते दैनिक झालं. पुढे ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजाकडे गेलं आणि नेमस्तांचं (मवाळ राजकारण्यांचं) पत्र म्हणून ओळखलं गेलं. संपादकांत हरि नारायण आपटे आणि काकासाहेब लिमये ही नावं महत्त्वाची. १९५१ मध्ये बंद. सूचीत ‘ज्ञानोदय’ही मिसळू देऊ नका. तो १८४२ चा, अहमदनगरच्या मिशनऱ्यांचा.

तारीख: चैत्र ते कार्तिक असेल तर शकात ७८ मिळवा, माघ-फाल्गुनात ७९. शके १७७० चा माघ म्हणजे १८४९. मार्गशीर्ष आणि पौष हे फसवे महिने. १ जानेवारी त्यांच्या मध्येच कुठेतरी येते, म्हणून तिथे त्या वर्षीचं पंचांग उघडल्याशिवाय सन लिहू नका. अधिक महिनाही तपासा, नाहीतर तारीख सरळ महिनाभर सरकते. शेवटी वार जुळतो का ते पाहायचं. वार एका दिवसाने चुकला तर तिथीच्या वृद्धी-क्षयामुळे (तिथी दोन दिवस येणं किंवा गळणं) असेल, पण शुद्ध-वद्याचा किंवा महिन्याचा घोटाळा असला तरी वार एक-दोन दिवसांनीच सरकतो, म्हणून तेही तपासा.

दप्तरखाना:
शोध लागत नाही त्याचं कारण बहुधा ‘ज्ञ’. रोमन सूचीत तो कुठे ‘डीएन’, कुठे ‘डीएनवाय’, कुठे ‘जेएन’ असा लिहिलेला असतो. ‘ज्ञान’ आणि ‘प्रकाश’ जोडून व तोडून, दोन्ही करून पाहा. मजकुरात शोधताना जुनं शुद्धलेखन वापरा: नांव, कांहीं, पुणें, करितां. हे अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले, त्यामुळे आजच्या रूपाने शोधलं तर निम्मं हातातून निसटतं.

मूळ अंक मिळालाच नाही तर मुंबई सरकारचे देशी वृत्तपत्रांवरचे साप्ताहिक अहवाल पाहा. मुंबईच्या पुराभिलेखागारात ते आहेत. पण ते इंग्रजीतले सारांश आहेत आणि सरकारला राजकीयदृष्ट्या महत्त्वाचं वाटलं तेवढंच त्यांत आहे. नळ, गटार, नाटक, बाजारभाव हे तुमच्या कामाचं तिथे जवळजवळ नाही. आणि त्यातलं वाक्य ‘ज्ञानप्रकाश’चं म्हणून अवतरणात देऊ नका, ते अनुवादकाचं आहे.

खिळेजुळारी:
कागदाबद्दल एक राहिलं. सुरुवातीच्या दशकांतला चिंध्यांचा कागद तग धरतो. नंतरचा लाकडाच्या लगद्याचा कागद आम्लामुळे पिवळा पडून तुटतो. त्यामुळे १९२० चा अंक १८५५ च्या अंकापेक्षा नाजूक असू शकतो. बांधीव खंड स्कॅनरच्या काचेवर दाबू नका, शिवणीजवळ चिरतो आणि आतल्या रकान्याची अक्षरंही वाकडी येतात. खंड खाली आधार देऊन अर्धाच उघडायचा, कॅमेरा वरून सरळ लावायचा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे. बारीक खिळ्यांच्या (छपाईच्या टाइपांच्या) मजकुराला ४०० डीपीआय (इंचाला ठिपके) ठेवा, कमी असलं की अनुस्वार आणि डाग यांतला फरक कळत नाही. फाटलेल्याला चिकटपट्टी कधीच नाही, लॅमिनेशनही नाही.

पेठेतला_वाचक:
दोन कात्रणं पौषातलीच आहेत, मी सरळ ७८ मिळवले होते. पंचांग काढून दुरुस्त करतो.