माय इकडची, बाप तिकडचा: तुमच्या घरातलं सांगा

अर्जुनी मोरगाव तालुका, जि. गोंदिया

इटियाडोह धरणाजवळ गोठणगावला तिबेटी लोकांची वसाहत आहे. नोर्ग्येलिंग तिचं नाव, 1972 पासूनची. आसपासची गावं तिला नुसतं कॅम्प म्हणतात. माझे वडील तिथले. माय जवळच्याच गावातली, आंबेडकरी बौद्ध घरातली. बुद्धाला दोन्ही घरं मानणारी, तरी लग्नाला विरोध दोन्हीकडून झाला. कॅम्पातल्या म्हाताऱ्यांना वाटे, उद्या तिबेटात परत जायची वेळ आली तर ही लेकरं कोणाकडे राहतील? मायच्या भावकीला वाटे, याच्या नावावर ना शेत ना सातबारा, हिवाळ्यात स्वेटर विकायला गेला आणि परतलाच नाही तर?

दोन वंशांची लेकरं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे परदेश येतो. आपल्या भागातही ती आहेत, पण त्यांचं बोलणं कुठे लिहिलेलं सापडत नाही. तुमसरहून रेल्वे जाते त्या तिरोडीला, बालाघाट जिल्ह्यात, वांग छी नावाचा चिनी सैनिक स्थायिक झाला. 1963 मध्ये भारताच्या हद्दीत पकडला गेला, काही वर्षं तुरुंगात राहिला, सुटल्यावर इथल्याच मुलीशी त्याने संसार केला. चीनला भेट द्यायला मिळाली ती थेट 2017 मध्ये. त्याच्या बातम्या पुष्कळ आल्या. मला त्याच्या लेकरांचं ऐकायचं असतं.

माझं मत सांगते. गाव आपल्याला मायकडून सामावून घेतं आणि कागद बापाकडून मोजतो. शाळेत मला 'चिनी', 'नेपाळी' म्हणणारे होतेच. पण बाजारात कोणी म्हातारी थांबवून विचारायची, "कोनाची व तू?" आणि मी मामाचं नाव घेतलं की चेहरा बदलायचा. "अगं, त्याची भाची का! मग घरी ये नं." पुढे कोणी काही विचारत नसे.

कागदाचं वेगळं. नागरिकत्वात मला अडचण आली नाही. 1 जुलै 1987 नंतर, पण 3 डिसेंबर 2004 च्या आधी इथे जन्मलेल्याची आई किंवा बाप, एक जण भारतीय असला तरी पुरतं. अडलं ते जातीच्या दाखल्यावर. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि तो मागतात वडिलांकडचा. त्या दिवशी माझे आजोबा तिबेटात होते. माय, मामा, आजी, सगळ्यांचे कागद तयार, पण खिडकीवरचा माणूस बापाचे द्या म्हणत राहिला. मी वाढले मामाच्या वाड्यात, जातीचे टोमणे ऐकले ते मायच्या जातीचे. त्या दाखल्यावर माझा हक्क आहे असं मला आजही ठामपणे वाटतं.

घरात मात्र अशी ओढाताण नव्हती. लोसार, म्हणजे तिबेटी नवं वर्ष, बहुतेक वर्षी महाशिवरात्रीच्या आगेमागे येतं, आणि त्याच सुमारास आमच्या तालुक्यातल्या प्रतापगडची यात्रा असते. घर पाहुण्यांनी भरतं. पाला (वडिलांना आम्ही पाला म्हणतो) खापसे तळायला बसतात. मैद्याच्या लांबट पट्ट्या कापायच्या, मधोमध चीर द्यायची, एक टोक त्या चिरेतून ओढून काढायचं की पीळ पडतो. माय पिठात वेलची घालते. पाला दरवर्षी म्हणतात वेलची नको, आणि माय दरवर्षी घालते. कॅम्पातल्या बायका आता मायकडूनच खापसे मागवतात.

तुमच्या घरातलं लिहा. लहान असो, मोठं असो.

लोणार तालुका, जि. बुलडाणा

माझं उलटं आहे. बाबा निमलष्करी दलात होते, पोस्टिंग शिलाँगला. आई खासी. खासी लोकांत लेकरं आईच्या कुळाची, आडनाव आईचं, आणि घर सहसा धाकट्या मुलीकडे जातं. आई तिच्या घरात धाकटी. ती बाबांसोबत इकडे निघून आली तेव्हा तिकडे काय झालं असेल याचा विचार मी मोठी झाल्यावर केला.

आजोळी मी त्यांच्या कुळाची, त्यात कोणाला शंका नाही. इकडे मी बाबांच्या घराण्यातली, त्यातही कोणाला शंका नाही. दोन्हीकडे हक्काची. हे भाग्य आहे आणि मी ते भाग्यच मानते. पण दोन्ही आज्या एकमेकींना कधी भेटल्या नाहीत, आणि प्रत्येकीला वाटायचं की नात आपली एकटीची.

त्रास झाला तो 2020 मध्ये. साथ सुरू झाली आणि तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानासमोर एकाने आईला पाहून तोंडावर रुमाल धरला, म्हणाला, "हिले चीनमधून कोनं आनलं?" आई तोवर इथे वीस-बावीस वर्षं सून म्हणून नांदलेली. ज्वारीच्या भाकरी थापते, वऱ्हाडी बोलते. ती काही बोलली नाही. दुकानदारच बाहेर आला आणि त्या माणसाला म्हणाला, "वहिनी हायेत त्या आमच्या. तू कोन?" त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण आई त्यानंतर पुष्कळ दिवस एकटी बाजारात गेली नाही, हेही लिहून ठेवते.

मूर्तिजापूर, जि. अकोला

आईचे वडील अँग्लो-इंडियन. मूर्तिजापूरहून यवतमाळला जी अरुंद रुळांची शकुंतला जायची, तिच्या इंजिनावर ते कामाला होते. आजी इथलीच, मराठी.

वर बापाकडून मोजण्याचं आलं आहे, तर हे वाचा. आपल्या संविधानाच्या 366 व्या अनुच्छेदात अँग्लो-इंडियन कोण ते दिलं आहे: ज्याचा बाप किंवा बापाच्या पुरुष वंशातला कोणी पूर्वज युरोपीय वंशाचा होता तो. म्हणजे आई त्यात बसते, मी बसत नाही. माझे डोळे आजोबांसारखे घारे आहेत, घरात त्यांची शिट्टी आणि कंदील आहे, नाताळला आम्ही केक करतो. 2020 मध्ये लोकसभेतल्या अँग्लो-इंडियनांच्या नेमणुकीच्या दोन जागाही बंद झाल्या. त्या जागा मला मिळणार नव्हत्याच, पण आईला वाईट वाटलं. ती म्हणाली, आता आम्ही आहोत हे कोणी मोजणार तरी का?

दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

मी आजी आहे. लेक टेक्सासमध्ये, जावई तिकडचे काळे अमेरिकन. नात सात वर्षांची. तिकडच्या जनगणनेत 2000 पासून एकापेक्षा जास्त वंशांवर खूण करता येते, असं लेकीने सांगितलं. 2020 मध्ये 3 कोटी 38 लाख लोकांनी तशी खूण केली. माझी नात त्यातली एक. दोन्ही घरं एकाच कागदावर आली, मला बरं वाटलं.

जावळाच्या वेळी गुरुजींनी गोत्र विचारलं. लेकीचे बाबा म्हणाले, माझं घ्या. गुरुजींनी घेतलं, विधी झाला. इतकं सोपं होतं ते.

केसांचं मात्र मला शिकावं लागलं. आमच्या हाताला सवय वेणीची, डोक्यापासून खाली फणी ओढायची. तिचे केस तसे विंचरले तर पोर रडते. आधी ओले करायचे, तेल चोळायचं, मोठ्या दातांचा कंगवा घ्यायचा आणि टोकाकडून सोडवत वर जायचं. हे मला विहीणबाईंनी फोनवर, व्हिडिओ लावून दाखवलं. त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना नाही. गल्लीतल्या एकीने "रंग बापावर गेला" म्हणून हळहळ केली, तेव्हा मी तिला सांगितलं की माझ्या अंगणात हे पुन्हा बोलायचं नाही. ती आता बोलत नाही.

नवेगावबांध परिसर, जि. गोंदिया (शिक्षक)

वर्गात अशी मुलं असतात. हजेरीत वडिलांचं नाव उच्चारताना बाकीची पोरं हसतात, म्हणून मी आधी त्या मुलाकडून नीट शिकून घेतो आणि मग पूर्ण वर्गाला म्हणायला लावतो. दोन-तीन दिवसांत हसणं थांबतं.

पुन्हा अर्जुनी मोरगाव

शिलाँगच्या ताईंना: आईंना माझा नमस्कार सांगा. लोसारला या, खरंच या.

दाखल्याबद्दल एक कामाचं. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात म्हटलं की आईबापाची जात वेगळी असेल तेव्हा लेकरू बापाच्या जातीचं, असं आधी धरलं जाईल. पण आपण आईच्या समाजात वाढलो आणि तिथल्यासारखंच सोसलं, हे लेकराने पुराव्यानिशी दाखवलं तर तो विचार करावाच लागेल. शाळेचा दाखला, मामाच्या पत्त्यावरचं रेशनकार्ड, गावकऱ्यांची शपथपत्रं मी गोळा करते आहे. बाप परदेशात जन्मलेला असताना आईकडून असा दाखला विदर्भात कोणी काढला असेल, तर कुठले कागद जोडले आणि पडताळणी समितीपुढे काय विचारलं, ते सविस्तर लिहा. माझा लहान भाऊ यंदा अर्ज करतो आहे.